चित्र मोठं कुणी करायचं?

बीड जिल्ह्यात गेमिंग म्हटलं की आधी मोबाइल आठवतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने त्याचा भारतीय अवतार आला आणि गावोगावची पोरं पुन्हा तिकडे वळली. पण मोबाइलवर हात बसला की काहींना पीसीचे वेध लागतात. अंबाजोगाईसारख्या अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या गावात, बीड शहरात, परळीत किंवा माजलगावात अभ्यासाच्या नावाखाली घरात आलेला पीसी रात्री गेमसाठी चालू होतो. असा पीसी बऱ्याचदा एका दमात घेतलेला नसतो. सीपीयू पुण्यातल्या एखाद्या ऑफिसातून निघालेला सेकंडहँड, ग्राफिक्स कार्ड नंतर पैसे साठवून टाकलेलं, आणि मॉनिटर कधी भावाचा जुना, कधी सेलमध्ये मिळालेला. त्यामुळे कार्डाची कुवत आणि पडद्याचा आकार यांचा मेळ बसत नाही. पडदा १९२० बाय १०८० चा, पण कार्ड १२८० बाय ७२० वरच दम टिकवणारं. मग खेळाडू गेमचं रिझोल्यूशन खाली आणतो, आणि एक प्रश्न उभा राहतो: लहान आलेलं चित्र पडदाभर मोठं कुणी करायचं, कार्डाने की मॉनिटरने? ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पर्याय असतात आणि बहुतेक जण कुणीतरी सांगितलं म्हणून त्यातला एक निवडतात. माझं म्हणणं असं की अशा जोडजोड केलेल्या पीसीवर हे काम कार्डाकडेच द्यावं. कार्डाचं चित्र फार देखणं येतं म्हणून नाही, तर कार्ड काय करतं ते आपल्याला दिसतं आणि बदलता येतं म्हणून.

आधी हा प्रश्न येतो कुठून ते पाहू. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरला ठरावीक ठिपक्यांची सक्ती नव्हती. इलेक्ट्रॉनचा झोत हव्या तितक्या रेषा आखायचा, त्यामुळे ८००×६०० काय नि १०२४×७६८ काय, दोन्ही त्यावर स्वच्छ दिसत. एलसीडी आणि एलईडी पडद्याचं तसं नाही. त्यावरचे ठिपके कारखान्यातच मोजून बसवलेले असतात. बारा ठिपक्यांची रांगोळी अठरा ठिपक्यांवर काढायला घ्या: काही रेषा नेमक्या ठिपक्यावर येतील, काही दोन ठिपक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतील. ७२० रेषांचं चित्र १०८० रेषांच्या पडद्यावर टाकताना हेच होतं, कारण तिथलं प्रमाण दोनास तीन असंच आहे. मधल्या ठिपक्याला रंग कुठला द्यायचा? शेजारच्या दोघांची सरासरी. या सरासरीमुळेच अक्षरांच्या कडा पुसट होतात आणि दूरचा शत्रू धूसर दिसतो. १२८०×७२० मध्ये ९,२१,६०० ठिपके असतात, १९२०×१०८० मध्ये २०,७३,६००. म्हणजे पडद्यावरच्या दर नऊ ठिपक्यांमागे खरी माहिती चारच ठिपक्यांची असते. बाकीची भर अंदाजाने घातलेली असते, मग ती कार्डाने घातलेली असो की मॉनिटरने.

म्हणूनच ‘कोणाचं चित्र जास्त स्पष्ट’ या वादात फार अर्थ नाही. दोघांचं मूळ गणित जवळपास एकच असतं. फरक असलाच तर कडा थोड्या जास्त किंवा कमी मऊ करण्यापुरता. खरा फरक दुसरीकडे आहे. मॉनिटरच्या आतली, चित्र मोठं करणारी स्केलर चिप आपल्याला दिसत नाही, तिचं सॉफ्टवेअर सहसा बदलत नाही, आणि तिला काय काय जमतं ते खोक्यावर क्वचितच लिहिलेलं असतं. एका कंपनीचा मॉनिटर ४:३ प्रमाणाचं चित्र आलं की बाजूला काळ्या पट्ट्या सोडतो. दुसरा मेन्यूत तसा पर्यायच देत नाही आणि सरसकट ताणून मोकळा होतो. ‘व्हाइस सिटी’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ सारखे ४:३ च्या काळातले गेम आजही खेळले जातात. ते अशा मॉनिटरवर लावले की गाडीचं चाक अंडाकृती होतं. मॉनिटर बदलला की वागणूक बदलते. कार्डाचं तसं नाही. एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल या तिघांच्याही ड्रायव्हरमध्ये प्रमाण राखून मोठं करणं, पडदाभर ताणणं आणि अजिबात न ताणता मधोमध ठेवणं हे पर्याय मिळतात, आणि उद्या दुसरा मॉनिटर जोडला तरी ते तसेच राहतात. ज्या पीसीत मॉनिटर हाच सर्वांत बेभरवशाचा भाग आहे, तिथे काम भरवशाच्या भागाकडे सोपवणं हा साधा व्यवहार झाला.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे साडेअठरा इंची, १३६६×७६८ चा मॉनिटर. एके काळी ऑफिसं आणि कॉम्प्युटर क्लास अशा मॉनिटरनी भरलेले असायचे, आणि आज ते सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतात. त्यावर १२८०×७२० चा गेम लावला तर वाटतं, फरक नगण्य आहे. पण ७२० चे ७६८ करायचे म्हणजे दर पंधरा रेषांच्या सोळा करायच्या. काही रेषा जवळपास जशाच्या तशा उतरतात, काही अर्ध्या-अर्ध्या मिसळतात, आणि बारीक अक्षरं एका ओळीत ठसठशीत तर पुढच्या ओळीत मळकट दिसतात. इथे सर्वांत शहाणपणाचा उपाय म्हणजे चित्र मोठंच न करणं. कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘नो स्केलिंग’ निवडलं की डावी-उजवीकडे ४३-४३ आणि वर-खाली २४-२४ ठिपक्यांची काळी चौकट राहते आणि आतलं चित्र आरशासारखं लख्ख येतं. बोटभर पडदा सोडला की धूसरपणा पूर्ण जातो. साध्या मॉनिटरच्या मेन्यूत हा पर्याय सहसा सापडत नाही. त्याच धर्तीवर २०१९ मध्ये तिन्ही कंपन्यांनी ‘इंटिजर स्केलिंग’ आणलं. त्यात एका ठिपक्याचे बरोबर चार होतात, सरासरी होतच नाही, त्यामुळे ६४०×४८० चा जुना गेम १२८०×९६० होऊन फुलएचडी पडद्यावर कोरल्यासारखा दिसतो. एनव्हिडियाच्या बाबतीत त्यासाठी जीटीएक्स १६ मालिकेचं किंवा आरटीएक्स कार्ड लागतं.

पहिला आक्षेप हमखास येतो: कार्ड आधीच मेटाकुटीला आलेलं, त्यात हेही काम दिलं तर एफपीएस, म्हणजे सेकंदाला रंगवल्या जाणाऱ्या फ्रेमची संख्या, पडणार नाही का? शंका रास्त आहे, पण तिच्यात दोन कामांची गल्लत होते. गेमचं दृश्य रंगवणारे कार्डाचे गाभे वेगळे आणि तयार चित्र केबलवर पाठवणारा भाग वेगळा. साधं स्केलिंग या दुसऱ्या टप्प्यावर होतं, त्यामुळे एफपीएसवर त्याचा परिणाम जाणवण्याइतका होत नाही. याचा पुरावा लॅपटॉपमध्ये आहे. लॅपटॉपच्या पडद्यात वेगळी स्केलर चिप बसवलेली नसते; तिथे चित्र मोठं करण्याचं काम ग्राफिक्स चिपच करते, आणि अगदी साध्या इंटेल ग्राफिक्सवरही ती ते बिनबोभाट करते. नुसतं मोठं न करता कडा धारदार करणाऱ्या नव्या सोयी मात्र कार्डाच्या गाभ्यांवर चालतात. एनव्हिडियाचं इमेज स्केलिंग किंवा एएमडीचं रेडिऑन सुपर रिझोल्यूशन त्यातलं. त्यांचा थोडा भार पडतो, पण कमी रिझोल्यूशनमुळे वाचलेल्या मेहनतीपुढे तो किरकोळ आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्पर्धेत उतरणारे काही खेळाडू आग्रहाने मॉनिटरचं स्केलिंग वापरतात, कारण कार्डामुळे लॅग वाढतो असं त्यांचं म्हणणं असतं. काही कार्ड आणि ड्रायव्हरच्या जोड्यांत अशी थोडी भर पडू शकते, हे नाकारायचं कारण नाही. पण त्यांच्यापुढचा मॉनिटर खास गेमिंगचा, २४० हर्ट्झचा किंवा त्याहून वेगवान असतो. त्याचा स्केलर चपळ आहे हे तपासूनच तो घेतलेला असतो. आपल्या टेबलावरच्या ऑफिसछाप मॉनिटरचा स्केलर तसा असेलच असं नाही. काही मॉनिटर मोठं करण्याआधी अख्खी फ्रेम साठवून ठेवतात, आणि ६० हर्ट्झवर एक फ्रेम म्हणजे जवळजवळ १७ मिलिसेकंद. वाद घालत बसण्यापेक्षा हे घरीच मोजता येतं. बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा स्लो मोशन कॅमेरा असतो. माऊसवरचं बोट आणि पडदा दोन्ही दिसतील असा मोबाइल टेकवून ठेवायचा, गेममध्ये गोळी झाडायची, आणि बोट दाबल्यापासून बंदुकीच्या नळीतून ठिणगी दिसेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजायचं. एक फ्रेम म्हणजे चार मिलिसेकंदांपेक्षा किंचित जास्त. एकाच मोजणीवर विसंबू नये, कारण दर वेळी आकडा थोडा हलतो. दोन्ही सेटिंगवर दहा-दहा वेळा मोजून सरासरी काढावी. तीन-चार फ्रेमचा फरक सातत्याने दिसला तर ज्याचा आकडा कमी त्याला काम द्यावं. एखाद-दुसऱ्या फ्रेमचा फरक असेल तर त्यासाठी चित्राचं प्रमाण बिघडवून घेण्यात अर्थ नाही.

तरीही मॉनिटरची बाजू खरोखर जिंकते अशा दोन जागा आहेत. पहिली टीव्हीची. हॉलमधला ४के टीव्ही पीसीला जोडणारे कमी नाहीत. एचडीएमआय २.० ची जोडणी ४के चित्र सेकंदाला ६० वेळाच नेऊ शकते. १०८० चं चित्र मात्र १२० वेळा नेते. कार्डाने स्केलिंग केलं की केबलवरून कायम ४के चित्र जातं आणि ६० चं कुंपण पडतं. टीव्ही १२० हर्ट्झ घेणारा असेल तर त्याला १०८० चंच चित्र द्यावं आणि मोठं करण्याचं काम त्यालाच करू द्यावं. टीव्हीचे स्केलर बहुधा चांगलेही असतात. फक्त गेम मोड चालू करायला विसरू नये, नाहीतर चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही बटण दाबल्याची दखल उशिरा घेतो. दुसरी जागा जुन्या व्हीजीए केबलची. कार्डाच्या स्केलिंगला डिजिटल जोडणी लागते, असं एएमडी स्वतःच सांगते, म्हणून व्हीजीएवर हे काम मॉनिटरकडेच जातं. तेव्हा मॉनिटरला डीव्हीआय किंवा एचडीएमआयची जागा असूनही निव्वळ सवयीने निळ्या टोकाची व्हीजीए लावलेली असेल तर आधी केबल बदलावी. सेटिंगमध्ये तो पर्याय दिसत नाही, याचं कारण कधी कधी तेवढंच असतं.

यावर कुणी म्हणेल की आता हा सगळा वादच जुना झाला. नवे गेम आतल्या आतच चित्र मोठं करतात. हे खरं आहे आणि महत्त्वाचंही. २०२१ मध्ये एएमडीने आणलेलं एफएसआर दुसऱ्या कंपनीच्या आणि जुन्या कार्डांवरही चालतं. एनव्हिडियाचं डीएलएसएस मात्र आरटीएक्स कार्डांपुरतं आहे. असं तंत्र किंवा साधा ‘रेंडर स्केल’चा पर्याय गेममध्ये असेल तर तोच वापरावा, कारण त्यात फक्त दृश्य लहान आकारात रंगवलं जातं, नकाशा, गोळ्यांचा आकडा आणि अक्षरं पडद्याच्या पूर्ण रिझोल्यूशनवर येतात. पण त्याने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पुढेच जातो. गेमने आतच मोठं केलेलं चित्र मॉनिटरपर्यंत पूर्ण आकारातच पोचतं. ‘बॉर्डरलेस’ खिडकीत चालणाऱ्या गेमचंही तेच. तिथे मॉनिटरच्या स्केलिंगला वावच उरत नाही. आणि ज्या गेममध्ये यातलं काहीच नाही, त्या जुन्या गेमसाठी कार्डाचं सेटिंग हाताशी असतंच.

मराठवाड्यात या हिशोबाला आणखी एक पदर आहे, उन्हाचा आणि विजेचा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, बंद खोलीत पूर्ण ताकदीने पळणारं कार्ड तापून आपला वेग स्वतःच कमी करतं, आणि वीज गेली की छोट्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर काही मिनिटंच हाती असतात. रिझोल्यूशन खाली आणून एफपीएसला ६० ची मर्यादा घातली तर कार्डाचं काम निम्म्याहून कमी होऊ शकतं. ते कमी तापतं आणि कमी वीज ओढतं. अट एकच: मोठं झालेलं चित्र खेळण्यासारखं दिसलं पाहिजे. ते धूसर दिसलं तर खेळाडू कंटाळून पुन्हा १०८० वर जातो आणि सगळी बचत वाया जाते. त्यामुळे हे सेटिंग नीट लावणं हा चोखंदळ लोकांचा शौक नाही. साध्या कार्डावर खेळणाऱ्याला त्याची गरज जास्त आहे.

लावायचं कसं? एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘अ‍ॅडजस्ट डेस्कटॉप साइझ अँड पोझिशन’ उघडून ‘परफॉर्म स्केलिंग ऑन’ समोर ‘जीपीयू’ निवडावं आणि वर ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’ ठेवावं. गेम ऐकत नसेल तर खालच्या ‘ओव्हरराइड’च्या चौकटीत खूण करावी. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या पानावर ‘जीपीयू स्केलिंग’ चालू करून ‘प्रिझर्व्ह अ‍ॅस्पेक्ट रेशो’ निवडलं की झालं. मग गेम फुलस्क्रीनमध्ये लावून एखादं गोल चाक गोलच दिसतं का ते पाहावं. टीव्ही १२० हर्ट्झचा असेल किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मॉनिटरच्या बाजूने स्पष्ट कौल दिला असेल, तरच उलट करावं. आणि पुढचा मॉनिटर घेताना आपलं कार्ड पेलेल त्याच रिझोल्यूशनचा घेतला, तर चित्र मोठं कुणी करायचं हा प्रश्नच बऱ्याचदा पडणार नाही.