हवाई वाहतूक नियंत्रणातील पाळीबदल

हवाई वाहतूक नियंत्रणातील पाळीबदल म्हणजे कामावरील नियंत्रकाने आपल्या जागेचा व देखरेखीखालील विमानांचा ताबा पुढील नियंत्रकाकडे सोपवणे. विमाने त्यासाठी थांबत नाहीत. उंचावरील जेट विमान त्या वेळीही मिनिटाला सुमारे १४ किलोमीटर अंतर कापत असते.

धोक्याचे स्वरूप

कोणते विमान कोठे आहे, कोणाला कोणती उंची दिली आहे, याचे चित्र नियंत्रकाच्या मनात तयार असते. रडारचा पडदा व उड्डाणांच्या नोंदपट्ट्या यांवर त्यातील बराच भाग दिसतो. मात्र शेजारच्या विभागाशी तोंडी ठरलेली गोष्ट नोंदायची राहिल्यास सांगितल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे ताबा घेतल्यानंतरची पहिली काही मिनिटे जोखमीची मानली जातात. वर्दळ कमी असताना केलेला बदलही सुरक्षित असतोच असे नाही.

झाग्रेब दुर्घटना

१० सप्टेंबर १९७६ रोजी तत्कालीन युगोस्लाव्हियातील झाग्रेबजवळ ब्रिटिश एअरवेजचे ट्रायडंट व इनेक्स-अ‍ॅड्रियाचे डीसी-९ ही विमाने हवेत आदळून दोन्हींतील सर्व १७६ जण मृत्युमुखी पडले. वरच्या स्तराच्या विभागात दोन नियंत्रक असणे अपेक्षित होते. पाळीवर येणारा नियंत्रक वेळेत न पोहोचल्याने एक जण त्याला शोधण्यास गेला आणि दुसरा एकटाच उरला. त्याच सुमारास मधल्या विभागातून वर चढणारे डीसी-९ त्याच्याकडे सोपवले गेले. धोका लक्षात येताच त्याने, इंग्रजीऐवजी स्थानिक भाषेत, त्या विमानाला आहे त्या उंचीवर थांबण्यास सांगितले. ते सुमारे ३३,००० फुटांवर स्थिरावले. ट्रायडंट नेमके त्याच उंचीवर होते. या नियंत्रकाला सात वर्षांची शिक्षा झाली, तर त्याचे सहकारी निर्दोष सुटले. रचनेतील दोष एकाच्या माथी मारल्याची टीका झाली. पुढे शिक्षा कमी होऊन १९७८ मध्ये त्याची सुटका झाली.

खबरदारी

येणारा नियंत्रक काही वेळ शेजारी बसून संभाषण ऐकतो, ठरलेल्या यादीनुसार हवामान, उपकरणांतील बिघाड व विमानांची स्थिती समजून घेतो आणि ताबा घेतल्याचे स्पष्ट सांगतो. जाणाऱ्याने लगेच न उठणे, हाही या पद्धतीचाच भाग आहे.

कोल्हापूरजवळील उजळाईवाडी येथील विमानतळासारख्या एकाच धावपट्टीच्या ठिकाणी विमाने मोजकी असली तरी धावपट्टीच्या पाहणीसाठी गेलेले वाहन परतले की नाही, एवढीच माहिती सुटणेही उतरणाऱ्या विमानाला घातक ठरू शकते. यासाठी अनेक मनोऱ्यांत धावपट्टी व्यापलेली असल्याची खूणपट्टी नियंत्रकासमोर ठेवण्याची पद्धत आहे. वाहन बाहेर आल्याचे कळेपर्यंत ती हलवली जात नाही.