आधी बाहेरून, मग आत

डिजिटल कॅमेऱ्याचं चालू-बंदचं बटण वीज तोडत नाही. घरातल्या दिव्याचं बटण तार जोडतं नि तोडतं. कॅमेऱ्यातलं बटण फक्त निरोप देतं. बॅटरी बसवली की आतली एक छोटी चिप जागी होते आणि मायक्रोअँपिअरच्या हिशेबात वीज घेत बटणाची वाट बघत राहते. बटण दाबलं की तिची चौकशी सुरू होते. व्होल्टेज पुरेसं आहे का, बॅटरी ओळखीची आहे का, तापलेली तर नाही ना, झाकणं नीट लागलीत का. सगळीकडून होकार आला तरच ती पुढच्या बोर्डांकडे वीज सोडते. म्हणून ‘गेला’ म्हणून आणलेले कितीतरी कॅमेरे गेलेले नसतात. आत कुणीतरी अडवलेलं असतं, आणि ते कुणी हे शोधणं एवढंच पुष्कळदा काम असतं.

हे शोधणं मी जवळून पाहिलं ते मुंबईत, फोर्टातल्या बोरा बाजाराच्या परिसरात. इथे कॅमेऱ्यांची नि फोटोग्राफीच्या सामानाची दुकानं आहेत, आणि माडीवरच्या एका लहान खोलीत दुरुस्तीचं टेबल. रोलच्या कॅमेऱ्यांपासून या कामात असलेल्या काकांनी मला शेजारी बसू दिलं. टेबलावर मल्टिमीटर, भिंगाचा दिवा, चिमटे, खोडरबर, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. स्क्रूड्रायव्हर मात्र ड्रॉवरमध्ये. ते हाताशी असले की हात आधी तिकडेच जातो, असं त्यांचं म्हणणं.

गिऱ्हाईक सांगतं, ‘अचानक बंद पडला.’ काका विचारतात, ‘शेवटचा कधी चालला, आणि त्यानंतर त्याचं काय काय झालं?’ मग हळूहळू निघतं: पडला होता, पाऊस लागला होता, चार्जर दुसराच वापरला, दोन वर्षं कपाटात होता. या उत्तरावर पुढची सगळी दिशा ठरते.

कपाटातले कॅमेरे सध्या फार येतात. कॉलेजातली मुलं आईवडिलांचे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे छोटे कॅमेरे हौसेने बाहेर काढताहेत. मला याचा मनापासून आनंद वाटतो. चांगली भिंगं धूळ खात पडली होती. असाच एक घेऊन एक मुलगी आली. बॅटरी लिथियम-आयनची, वर ३.७ व्होल्ट लिहिलेलं. पूर्ण भरली की ४.२ दिसायला हवेत. मीटरवर शून्य. सेल फार उतरला, साधारण अडीच व्होल्टच्या खाली गेला, की बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट त्याला बाहेरच्या टोकांपासून तोडून टाकतं. मग बाहेरून शून्यच दिसतं आणि चार्जरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. अशा बॅटरीला दुसऱ्या बॅटरीच्या तारा टेकवून उठवणारे लोक आहेत. काकांनी नाही म्हटलं. ‘अगं, ही उठेलही, पण तिच्यावर भरवसा नाही.’ कारण पक्कं आहे. सेल फार काळ उतरलेला राहिला की आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. नवी बॅटरी घातली, कॅमेरा चालू झाला. तारीख तेवढी विचारली त्याने.

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांची गोष्ट निराळी. अल्कलाइन सेल मीटरवर दीड व्होल्ट दाखवतो, रिमोटमध्ये मजेत चालतो, पण कॅमेऱ्याची लेन्स बाहेर सरकायला लागली की एकदम जास्त करंट लागतो आणि व्होल्टेज कोसळतं. कॅमेरा क्षणभर उघडतो नि मिटतो. रिचार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल कागदावर १.२ व्होल्टचाच, पण ओढ पडली तरी तग धरतो. म्हणून काका बॅटरी नुसती मोजत नाहीत. तिच्यावर थोडा भार टाकून मोजतात. ही एवढी सवय दुकानातल्या पोरांना लागली तर कितीतरी कॅमेऱ्यांचे स्क्रू वाचतील.

मग कॉन्टॅक्ट. बॅटरीला प्लस-मायनसशिवाय आणखी एखाद-दोन पट्ट्या असतात. त्यातली एक तापमान सांगणारी. आपल्याकडे पावसाळ्यात या पट्ट्यांवर हिरवा कळंक चढतो. प्लस-मायनस स्वच्छ असले तरी तापमानाची खबर मिळाली नाही, तर काही कॅमेरे चालूच होत नाहीत. खोडरबर हलक्या हाताने, मागून अल्कोहोलचा बोळा. सँडपेपर मात्र नाही. वरचा मुलामा गेला की कळंक पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वेगाने येतो.

तरीही दाद नसेल तर कार्ड काढायचं, लेन्स उतरवायची, आणि नुसत्या अंगाला बॅटरी लावून बघायचं. जुन्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाच्या खाचेत ५० बारीक पिना असतात. त्यातली एक वाकून शेजारणीला टेकली तरी कॅमेरा मूग गिळून बसतो. लेन्समध्ये शॉर्ट असेल तर तेही असंच कळतं. काढत काढत जायचं, आणि काय काढल्यावर जीव आला ते लक्षात ठेवायचं.

लग्नाचे फोटो काढणारा एक तरुण डीएसएलआर घेऊन आला. दुसऱ्या दिवशी हळद, त्यामुळे चेहरा पडलेला. बॅटरी भरलेली, कॉन्टॅक्ट लखलखीत. काकांनी बॅटरीच्या झाकणाची आतली बाजू भिंगाखाली धरली. तिथला प्लास्टिकचा छोटा दात तुटला होता. झाकण लागतं तेव्हा हा दात कडेचा एक सूक्ष्म स्विच दाबतो. तो दाबला गेला नाही तर कॅमेऱ्याच्या लेखी झाकण उघडंच. काकांनी टूथपिकने स्विच दाबला आणि वरचा डिस्प्ले उजळला. ‘काका, मी नवीन घ्यायला निघालो होतो!’ तो म्हणाला. झाकण बदललं, विषय संपला.

एवढं सगळं निस्तरल्यावरच ड्रॉवर उघडतो. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस मापाचे असतात. साधा फिलिप्स घातला तर वरवर बसतो, पण डोकं खरवडतो. प्रत्येक स्क्रू कागदावर, कॅमेऱ्याच्या आकृतीत त्याच्या जागी चिकटवायचा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर खालचा बोर्ड फोडतो.

आणि फ्लॅश. हे ज्यांना घरी कॅमेरा उघडायचा मोह होतो त्यांनी नीट वाचावं. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठते, आणि बॅटरी काढल्यावरही ती बराच वेळ तिथेच असते. कॅमेरा बंद आहे म्हणून तो कपॅसिटर रिकामा आहे असं नसतं. काका आधी रोधक लावून तो हळूहळू उतरवतात, मीटरवर खात्री करतात आणि मगच बोट आत घालतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणाऱ्यांचा त्यांना राग आहे, आणि तो योग्य आहे.

आता बॅटरीच्या जागी बेंचचा पॉवर सप्लाय येतो: व्होल्टेज बॅटरीएवढं, करंटला मर्यादा घातलेली. हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटला. काटा अजिबात हलला नाही तर वाट कुठेतरी तुटली आहे: फ्यूज, पट्टी, कनेक्टर. काटा थेट मर्यादेला जाऊन भिडला तर शॉर्ट आहे. किंचित उठून पुन्हा बसला तर चिप जागी झाली, तिने चौकशी केली आणि कुठेतरी नकार मिळाला. शॉर्ट शोधायला बोर्डावर अल्कोहोलचा पातळ थर द्यायचा. जिथून तो आधी उडून जातो तो भाग तापतोय. फ्यूज जेमतेम दीड मिलिमीटरचा असतो. मीटर वाजला नाही की उडालेला. पण फ्यूज का उडाला हे कळल्याशिवाय काका तो बदलत नाहीत. त्यावरून तार टाकून कॅमेरा चालू करून देणारे असतात; पुढच्या वेळी मग बोर्डावरचा तांब्याचा मार्गच जळतो.

समुद्रात पडलेल्या कॅमेऱ्याला मात्र वेळेत हालचाल हेच औषध. अलिबागला किंवा तारकर्लीला लाट अंगावर आली की लोक घाईने बटण दाबून बघतात, आणि घात तिथेच होतो. खारं पाणी आणि वीज एकत्र आली की बोर्डावरचं तांबं काही तासांत खाल्लं जातं. बटणाला हात न लावता बॅटरी नि कार्ड लगेच काढावं आणि कॅमेरा त्याच दिवशी दुरुस्तीला न्यावा. तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ निघत नाही. कॅमेरा वाचला नाही तरी कार्डावरचे फोटो बहुधा वाचतात, म्हणून काका आधी कार्ड पुसून वाचून बघतात.

कॅमेरा चालू झाला तरी तो लगेच परत दिला जात नाही. बंद अवस्थेत तो किती करंट घेतोय ते मोजलं जातं. तो आकडा जास्त आला तर बॅटरी पिशवीतल्या पिशवीत उतरणार आणि गिऱ्हाईक आठवड्यात परत येणार. तो आकडा काका पावतीच्या मागे लिहितात, खाली तारीख, आणि मगच कॅमेऱ्याला पट्टा लावतात.