बुशिंगमधली फट

संपादकांना एम १९११ या अमेरिकी पिस्तुलाचा इतिहास हवा होता. तो थोडक्यात सांगता येतो: जॉन ब्राउनिंगची रचना, १९११च्या चाचणीत ६,००० गोळ्या न अडखळता झाडल्या, त्याच वर्षी सैन्यात दाखल. मी मात्र अडकलो नळीच्या तोंडाशी बसणाऱ्या एका कडीपाशी. तिला बुशिंग म्हणतात.

नेमबाज राही सरनोबतच्या खेळातल्या .२२च्या पिस्तुलांत नळी सहसा जागची हलत नाही. इथे हलते. गोळी सुटली की नळी आणि तिच्यावरची सरकती स्लाइड एकमेकींत गुंतूनच थोड्या मागे सरकतात. मग नळीखालचा छोटा जोड, म्हणजे लिंक, नळीची मागची बाजू खाली ओढते, तिच्या पाठीवरचे दात स्लाइडच्या खाचांतून सुटतात आणि स्लाइड एकटी मागे जाते. परतताना नळीने पुन्हा त्याच खाचांत चढून बसायचं. नेम धरायच्या साइट असतात स्लाइडवर, गोळी जाते नळीचं तोंड असेल तिकडे. नळी दर वेळी सारखीच कलत असेल, तर साइट सरकवून भागतं. दर वेळी वेगळी बसली, की इलाज नाही.

नळी १२७ मिमी लांब. बुशिंगमध्ये तोंड ०.१ मिमी हललं, तरी ५० यार्डांवर गोळी ३६ मिमी सरकते. सामन्यात तिथल्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ८५ मिमीचं, आणि पिस्तूल एका हातात! १९५०च्या दशकात सैन्याच्या कारागिरांनी सामन्यांसाठी जुनी पिस्तुलं घट्ट बसवली, त्या हातांचं मला फार कौतुक वाटतं.

वापरलेलं पिस्तूल घेणारे ते कानाशी हलवून पाहतात. पण खुळखुळते ती बहुधा फ्रेमवरची स्लाइड, आणि तिचा दोष त्या मानाने कमी. स्लाइड बंद असताना, अर्थात पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, नळीची मागची बाजू अंगठ्याने दाबावी. ती खाली दबली तर दुखणं खोल आहे. मग काही जण लांब लिंक घालतात. नळी वर येते खरी, पण खालच्या दातांऐवजी लिंकवर तोलली जाते, आणि पुढे लिंकच तुटू शकते.

नवं बुशिंग बसवणं त्याहून सोपं वाटतं. पण मागची बाजू खाली जाताना नळी त्या कडीतच तिरपी होते. तेवढी जागा ठेवली नाही, तर कडी नळीला चिमटीत धरते. स्लाइड पूर्ण मिटायच्या आधी केसभर अंतरावर थांबते आणि भर सामन्यात नेमबाजाला ती अंगठ्याने पुढे ढकलावी लागते.