खोली तेवढा कॉक : फरशीखालच्या उष्णतेचा हिशेब

मनवेलपाड्यात 'लादी गरम करून द्या' असे कोणी गिऱ्हाईक सांगणार नाही. विरारची थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. परंतु कारागिराचा हात गावापुरता नसतो. श्रीनगर, लेह, मनालीकडील हॉटेले असोत की युरोपातील घरे, तेथे फरशीखालून खोली उबदार ठेवण्याचे काम निघते. त्यात प्लंबर, वायरमन आणि लादीवाला या तिघांचीही गरज पडते. म्हणून आपल्या कारागीर बांधवांनी या कामाची माहिती करून घेणे फायद्याचे ठरेल.

कल्पना जुनी आहे. काश्मीरमधील हमामात दगडी फरशीखाली लाकडे जाळतात. कोरियातही चुलीची धग फरशीखालून खेळवण्याची रीत होती. नव्या पद्धतीत फरक इतकाच, की प्रत्येक खोलीची ऊब वेगळी राखता येते.

पहिला प्रकार पाण्याचा. कोब्यात प्लॅस्टिकचा पाईप वेटोळे घालून बसवतात व त्यातून साधारण ३५ ते ४५ अंशांचे पाणी फिरवतात. सर्व पाईप एका मॅनिफोल्डवर येतात. प्रत्येक खोलीचे वेटोळे स्वतंत्र, त्याच्या व्हॉल्व्हवर छोटी मोटर आणि खोलीच्या भिंतीवर थर्मोस्टॅट. खोली हवी तेवढी तापली की तिचाच व्हॉल्व्ह बंद होतो. १६ मिलिमीटर पाईपचे वेटोळे सहसा १०० मीटरपलीकडे नेत नाहीत. हॉल मोठा असल्यास दोन वेटोळी घालून ती एकाच थर्मोस्टॅटला जोडावीत.

साऱ्या घराला एकच थर्मोस्टॅट लावला तर काय होते? उन्हाचा हॉल लवकर तापतो, यंत्र बंद पडते आणि उत्तरेकडची खोली गारच राहते. मात्र सर्व व्हॉल्व्ह बंद झाल्यावर पंपही थांबला पाहिजे, किंवा पाण्याला बायपास हवा. नाहीतर पंपावर ताण येतो.

दुसरा प्रकार विजेच्या केबलचा. १० बाय १० फुटांच्या खोलीत कपाटाखालची जागा सोडून ७ चौरस मीटर केबल धरा. चौरस मीटरला १५० वॅट म्हणजे १,०५० वॅट. अशा तीन खोल्या आठ तास अखंड चालल्या तर २५ युनिट जळतील. एकच झोपायची खोली चालवली तर साडेआठ युनिटांत भागेल. गिऱ्हाइकाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. जाड कोबा तापायला काही तास घेतो, हेही सांगावे. अर्ध्या तासासाठी बंद-चालू करून बचत होत नाही.

या धंद्यात धोका एकच, पण मोठा. चूक कोब्याखाली गाडली जाते. एका खोलीचा थर्मोस्टॅट दुसऱ्या खोलीच्या व्हॉल्व्हला जोडला गेला, तर गिऱ्हाईक बेडरूममध्ये बटण फिरवतो आणि तापतो हॉल. हे निदान वायर बदलून निस्तरते. पाईप गळला किंवा केबल तुटली, तर लादी फोडावी लागते आणि मजुरी अंगावर येते.

म्हणून प्रत्येक वेटोळ्यावर खोलीच्या नावाची चिठ्ठी बांधावी. कोबा घालण्यापूर्वी पाईपची दाबाखाली चाचणी करावी व कोबा पडेपर्यंत दाब कायम ठेवावा. टेप लावून फोटो काढून ठेवावेत. केबलचा रोध तीनदा मोजावा : अंथरण्यापूर्वी, अंथरल्यावर आणि लादी बसल्यावर. लांब पडली म्हणून केबल कधीही कापू नये. सेन्सर नळीत टाकावा, म्हणजे बिघडल्यास ओढून काढता येतो. ३० मिलीअँपिअरची गळती-सुरक्षा बसवल्याशिवाय वीज जोडू नये.

दर सांगताना चाचणीचा खर्च वेगळा लिहावा आणि चाचणीच्या आकड्यांवर मालकाची सही घ्यावी. पुढे तक्रार आली तर तोच कागद कारागिराची बाजू मांडेल.

सवय मात्र घरापासूनच लागते. मनवेलपाड्यातील साध्या वन-रूम-किचनमध्येही बाथरूमचा कॉक वेगळा, किचनचा वेगळा आणि प्रत्येक खोलीचा एमसीबी वेगळा ठेवावा. एका नळासाठी साऱ्या घराचे पाणी तोडावे लागत नाही, तो प्लंबर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बोलावतो.