नाक जाईल या भीतीने कॅन्सर लपवू नका

नाकावरची बारीक जखम महिना उलटला तरी भरत नाही. खपली धरते, पुन्हा रक्त येते. तुकडा तपासल्यावर त्वचेचा कॅन्सर निघाला, की लालबागच्या माझ्या दवाखान्यात पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टर, नाक कापणार का?" या धास्तीने काहीजण परळच्या टाटा हॉस्पिटलला जाणेच लांबवतात.

वाचकहो, नवे नाक करण्याची विद्या आपल्याच मातीतली आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतला मराठा गाडीवान कावसजी टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने १७९४ साली ही हकिकत छापली.

आजही कॅन्सर पूर्ण काढल्यावर नाकाची मोठी जखम अशीच झाकतात. भुवईजवळच्या रक्तवाहिनीसकट कपाळाच्या कातडीचा पट्टा नाकावर शिवतात. सुमारे तीन आठवड्यांत तो रुजला, की देठ कापतात. कपाळावर व्रण राहतो, पण चेहरा लपवावा लागत नाही.

जखम लहान असताना गेलात, तर पुष्कळदा छोट्या शस्त्रक्रियेवर भागते. म्हणून न भरणारी जखम डॉक्टरांना वेळीच दाखवा.