डॉक्टरकीची तयारी : डोके, दप्तर आणि कान

मराठी शिकवणाऱ्या माणसाला वैद्यकीय प्रवेशातले काय कळणार, असे कुणी विचारले तर त्याला नाव ठेवता येणार नाही. परंतु आमच्या तालुक्याच्या गावी कॉलेजातला कोणताही प्राध्यापक म्हणजे सर्व विद्यांचा जाणकार, अशी एक समजूत आहे. दहावीचा निकाल लागला की पालकांची रांग ज्याचे दार उघडे दिसेल त्याच्याकडे वळते. गेली पंधरा-सोळा वर्षे माझे दार उघडे आहे. त्यामुळे कवितेची वृत्ते मला जितकी पाठ आहेत, तितकेच प्रवेशाचे नियमही पाठ झाले आहेत.

ह्या अनुभवातून माझे एक मत झाले आहे. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलाला तीन तयाऱ्या कराव्या लागतात: डोक्याची, दप्तराची आणि कानाची. आपल्या घरांतून पहिली नको तितकी होते, दुसरी उशिरा होते, आणि तिसरी होतच नाही.

पहिली तयारी सर्वांच्या परिचयाची आहे. ‘नीट’ हा शब्द आता आजीबाईंनाही ठाऊक आहे. २०२५ सालच्या परीक्षेत तीन तासांत १८० प्रश्न होते. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, एकूण गुण ७२०. ह्या ७२० गुणांसाठी मुले लातूरला जातात, कोटाला जातात, एक वर्ष थांबतात, दोन वर्षे थांबतात. त्यांच्या कष्टाबद्दल मी काय बोलावे? सोळाव्या वर्षी पहाटे चारला उठणाऱ्या पोराला मी मनातून नमस्कार करतो.

पण एक गैरसमज दरवर्षी भेटतो, तो दूर करावयास हवा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ पेढे घेऊन आले. “सर, पोरगी पास झाली. पन्नास टक्क्यांची अट होती, तिला त्याहून जास्त आहेत!” ते पन्नास म्हणजे टक्के नव्हेत, पर्सेंटाईल. खुल्या गटातल्या मुलाने परीक्षेला बसलेल्या निम्म्या मुलांना मागे टाकले की तो ‘पात्र’ ठरतो, एवढाच त्याचा अर्थ. २०२५ साली बावीस लाखांवर मुले बसली आणि बारा लाखांवर मुले पात्र ठरली; एम.बी.बी.एस.च्या जागा साऱ्या देशात सव्वा लाखाच्या आसपास. पात्र होणे म्हणजे मांडवाच्या दारापर्यंत पोहोचणे. पंगतीत पान मिळेलच असे नाही. मी पेढा खाल्ला आणि हे हळूच सांगितले. त्या बापाचा चेहरा पाहवत नव्हता.

म्हणून मी म्हणतो, दारे अनेक आहेत ती आधी पाहून ठेवावीत. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी ह्यांचे प्रवेश नीटवरूनच होतात; आपल्या राज्यात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी ह्यांचेही. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सी.ई.टी. आहे, औषधनिर्माणशास्त्रासाठी एम.एच.टी.-सी.ई.टी. आहे. ह्यांचे अर्ज नीटचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी भरावे लागतात. ‘निकाल पाहू, मग ठरवू’ म्हणणाऱ्याला जूनमध्ये ती दारे बंद झालेली दिसतात.

आता दुसरी तयारी, दप्तराची. पाठीवरच्या दप्तराविषयी मी बोलत नाही. कागदपत्रांचे दप्तर म्हणतो. राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांवर हक्क सांगावयाचा तर अधिवासाचा दाखला हवा, आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली हवी. सीमाभागातील मराठी मुले, सैनिकांची मुले अशांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. पण सर्वसाधारण नियम हाच. हौसेने मुलाला बारावीसाठी परराज्यातल्या शाळेत घालणाऱ्या पालकांनी हे आधी वाचावे. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकाची मुदत वेगळी, कचेरी वेगळी.

सर्वांत अवघड कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. त्यासाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ह्या तारखा पाहिल्या की कळते, हे काम नातवाचे असले तरी त्याचा धागा आजोबा-पणजोबांच्या शाळेपर्यंत जातो. ज्यांच्या आजोबांनी शाळेचे तोंडच पाहिले नाही त्यांनी काय करावे? ते मग जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीकडे, गावच्या कोतवाल बुकाकडे वळतात. आणि ते बहुधा मोडीत असते.

येथे मात्र मराठीच्या माणसाचा उपयोग होतो. एका पावसाळी संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ नातीला घेऊन आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नक्कल त्यांनी माझ्यापुढे ठेवली. “मास्तर, ह्यात आमच्या आज्याचं नाव हाय का, तेवढं बघा. नसंल तर पोरीचं काय खरं न्हाई.” मोडी वाचणे म्हणजे पळत्या माणसाचा चेहरा ओळखणे. मी भिंग घेऊन बसलो. चौथ्या ओळीत नाव सापडले, त्यापुढे जातीचा रकाना. मी बोट ठेवून वाचून दाखवले. म्हातारबाबांनी त्या अक्षरांवरून हात फिरवला. त्यांना ना मोडी येत होती, ना बाळबोध. नात शेजारी उभी राहून पाहत होती. तिच्या पणजोबांचे वडील एका ओळीपुरते जगात उरले होते, आणि ती ओळ तिच्यासाठी उरली होती.

माझ्या वाचनाला कचेरीत किंमत नाही. अधिकृत लिप्यंतर लागते, ते त्यांनी पुढे करून घेतले. पण हा खटाटोप प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. अकरावीला विज्ञानशाखेत नाव घातले की कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे अर्ज करता येतो. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कुणाला वैधता मिळालेली असेल तर त्याची प्रत आधी मागून घ्यावी. भाऊबंदकी असली तरी मागावी. चांगले गुण असून ह्या एका कागदासाठी राखीव जागा हातची गेलेला मुलगा मी पाहिला आहे. त्याला भौतिकशास्त्राने अडवले नाही, कपाटातल्या धुळीने अडवले.

तिसरी तयारी कानाची. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या, त्या आधी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केले. हे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले. आपण का जात आहो, हे अठराव्या वर्षात असलेल्या त्या मुलीने भरसभेत सांगितले: हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे आणि ती आपण भागवू इच्छितो. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली त्या एम.डी. झाल्या. त्यांच्या तयारीचा पायाच ‘का?’ ह्या प्रश्नावर होता. आजही अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालये अर्जासोबत स्वतःविषयीचे निवेदन मागतात, मुलाखत घेतात. आपल्याकडे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात नीटनंतर मुलाखत होते. बाकी आपल्या अर्जात जात, उत्पन्न, अधिवास ह्या साऱ्यांना रकाने आहेत, ‘का?’ ह्याला रकाना नाही.

लाखो मुलांच्या मुलाखती घेणे शक्य नाही आणि त्यात वशिला शिरण्याची भीतीही आहे, हे मला मान्य आहे. लेखी परीक्षेनेच पुष्कळ गरिबाघरची मुले पुढे आली. पण जो प्रश्न सरकार विचारत नाही, तो घराने विचारू नये असे थोडेच आहे?

आणि उत्तर कोणत्या भाषेत द्यावयाचे, हाही प्रश्न आहे. बारावी विज्ञानाला मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेतले की गुण सोपे जातात, म्हणून हुशार मुले मराठी सोडतात. मी माझ्या पोटासाठी रडतो आहे असे समजू नका. हा मुलगा उद्या खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसेल. समोरची बाई म्हणेल, “डाक्टर, चमक मारते.” दुसरी म्हणेल, “ठणका लागलाय.” तिसरी म्हणेल, “कळ येऊन जाते.” ही तीन दुखणी वेगळी आहेत आणि आमच्या बायाबापड्यांनी त्यांना तीन नेमकी नावे दिली आहेत. कुणी लाजत म्हणेल, “अंगावरून जातं.” तिचे पुढचे वाक्य बाहेर यावयाचे की आत राहावयाचे, हे समोरच्या कानावर अवलंबून. २०१९ पासूनच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद कसा करावा हे शिकवण्याची सोय झाली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कान अठराव्या वर्षी एकदम उघडत नाहीत.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना एक काम सांगतो. घरातल्या आजारी माणसाबरोबर एकदा सरकारी दवाखान्याच्या रांगेत केसपेपर काढण्यापासून औषध मिळेपर्यंत उभे राहा. मग ‘मला डॉक्टर का व्हायचे आहे’ ह्यावर मराठीत एक पान लिहा. आईवडिलांना दाखवू नका. मला दाखवा, किंवा कुणालाच नका दाखवू. एकाने लिहिले, “वडिलांनी हॉस्पिटलसाठी प्लॉट घेऊन ठेवला आहे.” दुसऱ्याने लिहिले, “गावात साप चावला की माणसाला तालुक्याला न्यावे लागते, वाटेत घाट आहे.” एका मुलीने पानभर तिच्या अर्धांगवायू झालेल्या आजोबांना कुशीवर कसे वळवावे हेच लिहिले होते, डॉक्टर हा शब्द त्यात नव्हता. तिला ते पान मी परत वाचायला लावले. तिने घरी भांडून फिजिओथेरपी घेतली. आज ती माणसांना पुन्हा उभे करते, आणि तिच्या घरचे आता ‘डॉक्टर झाली असती तर’ असे म्हणत नाहीत.

ज्याच्या बापाने प्लॉट घेतला होता त्या मुलाने ते पान लिहिल्यावर पंधरा दिवसांनी दुसरे आणून दिले. त्यात खाडाखोड पुष्कळ होती. प्लॉटचा उल्लेख मात्र नव्हता. सरकारी दवाखान्यात त्याच्यापुढे उभी असलेली एक म्हातारी चिठ्ठीवरचा औषधाचा वेळ कुणीतरी सांगावा म्हणून तिघांकडे गेली, आणि मग ह्याच्याकडे आली. ह्याने तिला सकाळ-दुपार-रात्र समजावून सांगितले, तिच्याकडून दोनदा म्हणून घेतले. “सर,” त्याने खाली लिहिले होते, “तिला कळले तेव्हा मला बरे वाटले.” तो सध्या बारावीत आहे. त्याला किती गुण पडतील ते मला ठाऊक नाही. पण अभ्यासाला बसताना आता त्याला कारण ठाऊक आहे.