कालचा विद्यार्थी, आजचा पंतोजी

मद्रासेत एग्मोर येथे गोऱ्या शिपायांच्या पोरक्या मुलांसाठी एक आश्रमशाळा होती. १७८९ साली तिची देखरेख अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याकडे आली. एकदा जाता जाता त्याने एका देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली. आपल्याही शाळेत हेच करावे असे त्याला वाटले. पण हाताखालचे शिक्षक ऐकेनात. तेव्हा त्याने शाळेतल्याच एका आठ वर्षांच्या मुलाला लहानांच्या वर्गावर बसवले, आणि त्या पोराने काम चोख केले. बेलने पुढे १७९७ साली लंडनला यावर पुस्तक छापले आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून ही गोष्ट इंग्लंडभर गाजली. आपल्या जुन्या पंतोजींना याचे नवल वाटले नसते. वरच्या पोराने खालच्याचे पाढे घोटून घ्यायचे, ही आपल्याकडची रीतच होती.

हे आठवण्याचे कारण असे की, माझ्याकडे आठ वर्षे गाणे शिकलेली एक मुलगी सध्या अमेरिकेत गणिताच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि स्वतः शिकत असतानाच ती पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलस, म्हणजे आपले कलनशास्त्र, शिकवायला मदत करते. तिकडे अशा मुलांना सहाय्यक म्हणतात. हार्वर्डसारख्या विद्यापीठातही गणित विभागात पदवीचेच विद्यार्थी हे काम करतात. प्राध्यापकाच्या व्याख्यानाला ते हजर राहतात, आठवड्याला एकदा उदाहरणे सोडवण्याचा तास घेतात, गृहपाठाच्या वह्या तपासतात, आणि संध्याकाळी ठरलेल्या खोलीत बसतात. ज्याचे अडले असेल त्याने तिथे यावे.

फोनवर तिच्याशी बोलताना मला सर्वात मौज वाटली ती या खोलीची. एक मुलगा आला. दोन फलांच्या गुणाकाराचे अवकलन करताना त्याने प्रत्येकाचे वेगवेगळे अवकलन केले आणि आलेली उत्तरे गुणून टाकली. नवशिके ही चूक सर्रास करतात. ‘चुकले’ म्हणून नियम लिहून देणे काही कठीण नव्हते. पण तिने त्याला क्ष गुणिले क्ष एवढेच घ्यायला सांगितले. त्याच्या रीतीने उत्तर आले एक. मग तिने विचारले, क्षचा वर्ग घेतला तर अवकलन किती? दोन क्ष, तो म्हणाला, आणि गप्प झाला. पुढची पाच मिनिटे तीही गप्प राहिली. “गुरुजी, ते गप्प राहणंच सगळ्यात अवघड आहे,” ती म्हणाली. “उत्तर जिभेवर असतं.”

प्राध्यापकाला हीच चूक दिसली असती तर? दिसली असतीच, पण पंचवीस वर्षांपूर्वी आपण तिथे कसे अडखळलो होतो हे त्याला आता आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी अडखळलेल्याला ते आठवते. विद्वत्तेत प्राध्यापकाची बरोबरी या मुलांना करता यायची नाही. त्यांचे भांडवल एवढेच, आणि ते थोडे नव्हे.

या कामाला नियमही आहेत. कोणत्या चुकीला किती गुण कापायचे हे आधी लिहून ठरलेले असते, म्हणजे दहा वह्या तपासणाऱ्या दहा मुलांचे हात वेगवेगळे चालत नाहीत. आणि १९७४ सालच्या तिकडच्या कायद्याने विद्यार्थ्याचे गुण ही खाजगी बाब ठरली आहे. एकाच वसतिगृहात राहणाऱ्या, एकाच पंगतीला जेवणाऱ्या मैत्रिणीचा पेपर कसा गेला हे माहीत असून तोंड मिटून बसायचे, ही एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांची परीक्षा नव्हे तर काय!

यात काय पणाला लागलेले असते, हे बर्कलीच्या एका हकिकतीवरून कळते. १९७० च्या दशकाच्या मध्यात यूरी ट्राइझमन हा तरुण तिथे असे सहाय्यक तयार करण्याचे काम पाहत होता. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी फार मोठ्या संख्येने नापास होत, आणि तिथे नापास म्हणजे इंजिनीयर किंवा डॉक्टर होण्याचा रस्ता पहिल्याच वर्षी बंद. प्राध्यापकांना विचारले तर उत्तरे ठरलेली : पूर्वतयारी कच्ची, इच्छा नाही, घरची गरिबी, घरचे पाठबळ नाही. ट्राइझमनने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले आणि ते प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात हे त्यांच्यामध्ये वावरून पाहिले. पहिली मुले आठवड्याला आठ तास, सांगितले तेवढे, निष्ठेने आणि एकटी अभ्यास करीत. दुसरी चौदा तास. त्यांतले काही तास एकत्र बसून, एकमेकांच्या वह्या पाहत, वाद घालत. एकट्याने बसणाऱ्याला आपली चूक आपली एकट्याची वाटे. समोरच्यानेही तीच केली आहे हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

मग १९७८ साली त्याने मंडळे सुरू केली. ‘कच्च्या मुलांची शिकवणी’ असे नाव त्याने मुद्दाम दिले नाही. उलट नेहमीच्यापेक्षा अवघड उदाहरणे मुलांपुढे टाकली आणि ती एकत्र सोडवायला लावली. नापासांचे प्रमाण झपाट्याने घसरले. पुढे २००३ पासून कोलोरॅडो विद्यापीठाने पदवीच्या मुलांना असे सहाय्यक नेमण्याची घडी बसवली : आठवड्याला एक बैठक प्राध्यापकाबरोबर, शिवाय शिकवावे कसे याचा वेगळा वर्ग. त्यांतून चांगले शाळामास्तर मिळावेत, हाही हेतू होताच.

आता माझ्या धंद्याकडे वळतो. गाण्यातही थोरले शिष्य धाकट्यांकडून पलटे घोटून घेतात. वडील दरबारी गायक असल्यामुळे मी ते घरातच पाहिले. पण गणितात आणि गाण्यात एक मोठा फरक आहे, आणि तो मला या मुलीमुळे उमजला. गणितात पुरावा कागदावर असतो. सहाय्यकाने चुकीचे सांगितले तर समोरचा पहिल्या वर्षाचा पोरगाही पायरीवर बोट ठेवून म्हणू शकतो, हे येथून येथे कसे आले? आमच्याकडे पुरावा गुरूच्या गळ्यात. थोरल्याने दरबारीचा गांधार जरासा वर लावला, की तो तसाच खाली उतरतो, आणि तिसऱ्या पिढीत त्याला घराण्याची खासियत म्हणतात! म्हणून स्वराभ्यास, अलंकार, ठेका शिष्याकडे सोपवावा. रागाचा स्वभाव सोपवू नये.

धोका गणितातही आहे, तो निराळा. शिकाऊ पोरांची मजुरी तासावर आणि स्वस्त. एखाद्या विभागाला मोह होतो, की शिक्षकाची जागा भरण्याऐवजी चार पोरे नेमून भागवावे. त्या संध्याकाळच्या खोलीची किंमत सकाळचे व्याख्यान चांगले असेल तरच. हे नाते उलटे झाले, तर मद्रास पद्धतीचे जे झाले तेच होईल. एका मास्तरावर शेकडो मुले खपवण्याची सोय म्हणून इंग्लंडात ती वापरली गेली, आणि शिकवणे घोकंपट्टीवर आले.

१८८६ साली सयाजीरावमहाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी आपल्या बडोद्यात गायनशाळा काढली, तेव्हापासून गाणे घरातून वर्गात आले, आणि एका गुरूसमोर एक शिष्य ही सोय संपली. माझ्या वर्गातही आता एका तासाला बावीस मुले असतात. तेव्हा या दिवाळीनंतर नवी मुले येतील त्यांचे अलंकार घोटून घ्यायचे काम मी दोघा वरच्या विद्यार्थ्यांकडे देणार आहे. आठवड्यातून एकदा ते दोघे माझ्यासमोर बसतील आणि काय सांगितले ते गाऊन दाखवतील. बेत कानावर जाताच एका पालकांनी मला विचारलेच, “मास्तर, फी तुमची आणि शिकवणार पोरं?” मी त्यांना रविवारी येऊन बसायला सांगितले आहे.